दारावरची रेघ

मामीचा संशय कुणावर बसेल याचा नेम नसे. दूधवाला, पोस्टमन, कपडे शिवायला टाकून वेळेआधीच न्यायला येणाऱ्या बायका, सगळे तिच्या नजरेखालून गेलेले. एकदा तर आपली कात्री कुणीतरी बदलली म्हणून तिने आठवडाभर अबोला धरला होता, आणि तोही माझ्याशी. गल्लीत तिला 'दुर्बीण' म्हणत. हे नाव कुणी पाडलं याचा छडाही तिने लावला होता आणि त्या माणसाची पँट दोन बोटं आखूड करून दिली होती.

मी तिच्या नवऱ्याची भाची. नोकरीनिमित्त या शहरात आले, मामाच्या घरी उतरले, आणि मामा गेल्यावर तिला एकटीला सोडवेना म्हणून राहिले. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं शिलाई मशीन. पाय मशीनवर आणि डोळा गल्लीत, अशी तिची बैठक.

नदी डोंगराला वळसा घालते त्या कोपरात आमचं शहर अडकलेलं आहे. पुढे पाणी, मागे कडा, वाढायला जागा फक्त वर. म्हणून इथे गल्ल्या शेजारी शेजारी नसून एकीच्या डोक्यावर एक आहेत. पूर्वी वरच्या जंगलातून ओंडके नदीत सोडत आणि ते या वळणावर आपोआप अडकत. ते काढायला माणसं बसली, त्यांना खायला घालायला आणखी माणसं आली, आणि शहर झालं. मग एका वर्षी महापूर आला. तेच ओंडके पाण्याबरोबर सुटले आणि त्यांनी खालची गल्ली फोडून काढली. जे वाचले ते डोंगर चढले आणि त्यांनी मधली गल्ली बांधली. आमचं घर तिथलं.

पाणी ओसरल्यावर वाचलेल्यांनी आपापल्या दाराच्या दगडी चौकटीवर पाण्याच्या उंचीला आडवी रेघ कोरायची, ही इथली जुनी रीत. आमच्या दाराच्या उभ्या दगडावर कमरेच्या वर अशी एक रेघ होती. मधल्या गल्लीत फक्त आमच्याच दारावर. मामी ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. "सासऱ्यांनी नुकतं घर बांधलेलं. पुढच्याच पावसाळ्यात पाणी पुन्हा चढलं, इथवर आलं, त्यांना बघितलं आणि मुकाट्याने मागे फिरलं." सासरे तापट असल्याने हे कुणालाही खोटं वाटत नसे.

यंदा नगरपालिकेने नवी पूररेषा आखायला घेतली. मोजणीसाहेब दारादारांवरच्या रेघा पाहत हिंडले. आमच्या दारापाशी थांबले, फोटो काढला, आणि महिन्याभरात नोटीस आली. रेघ असलेलं घर पुराच्या पट्ट्यात धरलं आहे, ते पाडलं जाईल. शेजारच्या कुणालाही नोटीस नाही.

मामीने नोटीस दोनदा वाचून खाली ठेवली. मला तिची भीती वाटली, कारण ती चिडली नव्हती. या घराबाहेर तिचं काहीच नव्हतं. मुलं नाहीत, माहेर आटलेलं, आणि गिऱ्हाईक सगळं या खिडकीशी बांधलेलं.

"हे कुणाचं तरी काम आहे," ती शेवटी म्हणाली.

आणि संशय बसला तो शेजारच्या घड्याळजींवर.

घड्याळजी सत्तरी उलटलेले, एकटे, मितभाषी. तरुणपणी कुठूनसे आले आणि शेजारची खोली भाड्याने घेऊन घड्याळं दुरुस्त करत राहिले. मामा आजारी असताना दवाखान्यात रोज डबा पोचवला तो यांनीच. पण मामीने त्यांना पाहिलं होतं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते आमच्या दारापाशी थांबायचे, इकडेतिकडे बघायचे आणि त्या दगडावरून अंगठा फिरवायचे.

"रेघेखाली बघ," तिने मला खाली बसवून दाखवलं. दगडाच्या आतल्या कडेला बारीक खाचा होत्या, एकीवर एक, दोन उभ्या ओळींत. "मोजमाप घेतलंय मेल्याने. माझी रेघ वर सरकवली, स्वतःच्या दारावरची घासून टाकली."

"मामी, खाचा किती जुन्या आहेत बघ. कडा गुळगुळीत झाल्यात."

"घड्याळातले दात घासणारा माणूस. त्याला दगड गुळगुळीत करता येणार नाही होय?"

मी हात टेकले. मामीने त्या दगडाला खेटून निवडुंगाची मोठी कुंडी आणून ठेवली. दुसऱ्या सकाळी आम्ही दोघी पडद्याआड. घड्याळजी आले, कुंडी पाहिली, थोडे घुटमळले. मग बाही वर सारून काट्यांमधून हात घातला. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही शंका आली. कामाशिवाय कोण असं करेल?

त्याच दिवशी मामीने नगरपालिकेत तक्रार दिली. साहेब म्हणाले, सोमवारी येऊन बघतो.

रविवारी सकाळी तिने दार खाडकन उघडलं. घड्याळजींचा हात कुंडीतच होता.

"भाऊजी, आता बोला. काय कोरताय माझ्या दारावर?"

त्यांनी हात काढला. मनगटावर रक्ताचे ठिपके होते. "कोरत नाही, वहिनी."

"मग रोज काय हुडकता?"

त्यांनी बाही खाली ओढून मनगट झाकलं. मीच म्हटलं, "काका, घर जाणार आहे तिचं. काही माहीत असेल तर सांगा."

"घर कशाला जाईल? इथवर पाणी आलंच नव्हतं," ते म्हणाले. "हा दगड आलाय इथे. खालच्या गल्लीतून. आमच्या दाराचा आहे."

मामीने वाकून त्या दगडाकडे पाहिलं.

"आईने रेघ कोरली, पाणी उतरल्यावर. खाचाही तिच्याच, आमची उंची मोजायची ती. ही ओळ माझी. ही धाकटीची." धाकटीच्या ओळीत तीनच खाचा होत्या. "ती आणि बाबा त्याच पुरात गेले. आई मला घेऊन आजोळी गेली. मोठा होऊन परत आलो तर घराच्या जागी चिखल होता. दार हुडकत हुडकत इथवर आलो. तेव्हा ही खोली रिकामी होती."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तुम्ही सासऱ्यांची गोष्ट इतक्या कौतुकाने सांगता," ते म्हणाले. "शिवाय दगड समोर होताच की."

ते गेल्यावर मामी मशीनवर बसली, पण पाय हलेना. "म्हणजे सासऱ्यांनी उचलून आणला. विचारलं नाही, सांगितलं नाही." मग हळूच म्हणाली, "आणि मी त्याच्यावरच तक्रार केली." तिला रडताना मी मामाच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

सोमवारी साहेब आले. दगड दुसरीकडून आणलाय हे मामीने स्वतःच सांगितलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कुणी सांगावं? घर वाचवायला लोक काहीही सांगतात. आणि आणलाच असेल तर कुणाचा, कसा? न विचारता उचललेला असेल तर त्याचीही वेगळी चौकशी लागेल."

मामीची मान खाली गेली. सासऱ्यांना चोर म्हणायचं की घर सोडायचं, हे तिने तिथल्या तिथे ठरवायचं होतं.

घड्याळजी आपल्या दारात उभे होते. ते दोन पावलं पुढे आले. "आमचा आहे तो. माझ्या वडिलांनी दिला यांच्या सासऱ्यांना. पुरानंतर. स्वतः खांदा देऊन वर आणला, मी लहान होतो, मागून चालत होतो."

"नक्की?"

"स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

मी मामीकडे पाहिलं. दुधातलं पाणी आणि बोलण्यातला खोटेपणा जिच्यापासून कधी सुटला नाही ती माझी मामी घड्याळजींकडे टक लावून बघत होती. पुरानंतर त्यांचे वडील कुठे होते हे कालच तिने ऐकलं होतं.

"काय हो, बरोबर आहे का?" साहेबांनी तिला विचारलं.

"भाऊजी म्हणतात म्हणजे तसंच असणार," मामी म्हणाली.

साहेब लिहून घेऊन गेले. तिने पदर खोचला, निवडुंगाची कुंडी दोन्ही हातांनी उचलली, बोटांना काटे टोचले तरी खाली ठेवली नाही, आणि ती परसात नेऊन ठेवली.