आत्या आणि ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी

मुलं मार्गी लागल्यावर आत्याने पन्नाशीत नोकरी धरली, दवाखान्यात माईकवरून पेशंटना बोलवायची. आवाज खणखणीत, त्यामुळे बस्तान लगेच बसलं. पण नवे मोठे डॉक्टर आले आणि त्यांनी फर्मान काढलं: विभागाचं नाव पाटीवर आहे तसंच, पूर्ण उच्चारायचं. ‘कान-नाक-घसा’ बंद.

घरात इंग्रजी शिकवणारी मी एकटीच, म्हणून आत्या तणतणत माझ्याकडे आली.

मी कागदावर शब्दाचे तुकडे करून दिले. ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉ-लॉ-जी.

“ओटोरायलॅनो,” आत्याने वाचलं. मग “ओटोरिंगोराय.” मग असं काहीतरी, की माझाच पारा चढला.

“अगं, अर्थ न कळता घोकतेस म्हणून घसरतेस. ओटो म्हणजे कान. रायनो म्हणजे नाक.”

“रायनो म्हणजे गेंडा. एवढं मलाही कळतं.”

“त्याच्या नाकावर शिंग असतं, म्हणून त्याला ते नाव. लॅरिंग म्हणजे घसा आणि लॉजी म्हणजे शास्त्र.”

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. “म्हणजे कान-नाक-घसाच की. मग तसं म्हणायला काय धाड भरली होती?”

मी कागद परत तिच्या हातात दिला. ती भाजी चिरताना पुटपुटली, कपडे वाळत घालताना पुटपुटली. आतोबा वैतागून गच्चीवर जाऊन बसले. शेवटी शब्द जिभेवर बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली तीच धुमसत.

“चुकलीस?”

“अजिबात नाही. अक्षर न् अक्षर स्पष्ट. पण समोरच्या बाकावरचे आजोबा ढिम्म. परत म्हटलं, तरी ढिम्म. डॉक्टर दारात उभे राहून घड्याळ बघतायत. शेवटी मीच उठले आणि आजोबांना हाताला धरून आत नेलं. डॉक्टर म्हणाले, ‘माईकवरून बोलवायचं ठरलंय ना?’”

“मग?”

“म्हटलं, ‘डॉक्टर, कानाचे पेशंट आहेत. ऐकू येत असतं, तर आले असते कशाला?’”

पुढच्याच आठवड्यात बाकांसमोर नंबर दाखवणारा दिवा बसला. फर्मान मात्र कायम राहिलं. मी आत्याला म्हटलं, तक्रार कर, आता तरी सुटशील.

“वा गं,” ती फणकारली. “एवढा जीव काढून शिकले, आता सोडू होय?”