जेवत्या पहारेकऱ्याच्या फाटकापाशी

या व्हिडिओ गेमच्या कंपनीला माझे पहिले पत्र पाडव्याला, दुसरे नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, तिसरे घटस्थापनेच्या सकाळी. जबाबदार इसम पुढीलप्रमाणे : कोठाराच्या फाटकाची लेव्हल आखणारा, तिथल्या पहारेकऱ्याच्या हाती भाकर देऊन त्याला उठवायचे विसरलेला, किंवा मुद्दाम न उठवणारा, आणि ‘कुणालाही इजा न करता हा खेळ पूर्ण करता येतो’ ही हमी वेष्टनावर छापणारा. यांपैकी एकाचेही नाव मला ठाऊक नाही. बंद दाराला नाव नसले तरी ते ठोठावता येते, हे जिल्हा न्यायालयात काढलेल्या हयातीने मला शिकवले आहे.

हे लिहिताना समोरच्या पडद्यावर तोच पहारेकरी जेवतो आहे. स्वयंपाकघरातून ज्वारीच्या भाकरीचा खरपूस वास येतो आहे, आणि तो वास जणू त्याच्याच पुढ्यातला असावा असे वाटून मला माझ्या मित्राची आठवण येते. आम्ही सारे त्याला अप्पा म्हणत असू. मूळचा बेंबळीचा, धाराशिवात डाळीचे दुकान, घरात कन्नड आणि गल्ल्यावर मराठी. खुब्याचे हाड मोडल्यावर तो खुर्चीला खिळला. त्याच्या लेकीने पुण्याहून येताना या खेळाचा पहिला भाग आणला आणि आम्हा दोन म्हाताऱ्यांच्या दुपारी बदलून गेल्या.

त्या भागाची कथा साधी. नदीकाठचे एक जुने शहर, आणि निरोप घेऊन निघालेली एक बाई. पेठेपासून किल्ल्यापर्यंत तिने कुणाच्या नजरेस न पडता पोचायचे. तलवार तिच्या कमरेला असते. उपसायची की नाही, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. कौलावर पाय पडला की कौल वाजते. वाऱ्याने दिवा विझला की गल्लीत सावलीची वाट तयार होते. पहारेकऱ्यांच्या फेऱ्या ठरलेल्या, पण त्यांत माणसाचा आळस, जांभई, एकमेकांची थट्टा मिसळलेली. ज्याला चालता येत नव्हते तो माझा मित्र त्या कौलांवरून असा हलका चालत जाई, की पाहताना मी श्वास रोखून धरीत असे. नळदुर्गाच्या तटावर लहानपणी आम्ही हुंदडलो होतो. ते पाय त्याला कंट्रोलरवरच्या अंगठ्यांच्या टोकांशी परत मिळाले होते.

त्या खेळात एक लहानसा दरवाजा होता. पहारेकरी उंबऱ्यावर बसून जेवत असे. त्याची पाठ आपल्याकडे, काठी हाताशी. घाईचा माणूस एका फटक्यात पुढे गेला असता. अप्पाने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

“का थांबलास?” मी विचारले.

“जेवतोय त्यो. जेवत्या माणसाला उठवत न्हाईत, वकील.”

लेक हसून म्हणाली, “अप्पा, अहो कॉम्प्युटर आहे तो. त्याला भूक नसते.”

“भूक नसंल. घास तर हाय ना हातात?”

आमच्याकडे वसुलीला आलेला माणूससुद्धा घरधनी ताटावर असला तर ओसरीवर बसून राहतो. ती रीत अप्पाने पडद्यावरच्या बाहुल्याला लावली. त्याच्या लेकीला तो भाबडेपणा वाटला, मलाही वाटला. “ऊटा आयता?” असे तो पहारेकऱ्याला कन्नडमध्ये अधूनमधून विचारी, म्हणजे झाले का जेवण, आणि मला कोपर मारून म्हणे, “बघ, तुझ्या कोर्टापरीस बेगी उठंल.”

आणि तो उठला. शेवटच्या घासाने ताट पुसून घेतले, हात झटकले, आडाकडे गेला, चूळ भरली आणि क्षणभर आभाळाकडे पाहत राहिला. मागे दार उघडेच होते. कुठेतरी दूरदेशी बसलेल्या कुणा रचनाकाराने, थांबणाराही कुणी असेल असे गृहीत धरून हे आडापर्यंतचे चालणे घडवले होते. ज्यांनी काठी हाणली त्यांना तो आड कधी दिसलाही नसेल. त्या अनोळखी कारागिराला मी तेव्हाच मनोमन हात जोडले. न्यायाची माझी व्याख्या याहून फार वेगळी नाही : सवड मागणाऱ्याला सवड मिळावी, आणि त्याची बाजू आधीच कुणीतरी विचारात घेतलेली असावी.

दुसरा भाग आला तेव्हा अप्पाने दाढी करून घेतली होती. प्रतिपक्षाचे गुण नाकारणे हा हलका युक्तिवाद, म्हणून आधी कबूल करतो : हा भाग देखणा आहे. शहर मोठे झाले आहे. कुत्र्यांना वाऱ्याच्या दिशेने वास लागतो. पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबावरून पहारेकरी आपल्याला ओळखतो. एका घरात शिरायला माळवद, गोठा आणि न्हाणीची मोरी अशा वाटा आहेत. आम्ही लहान मुलांसारखे हरखलो होतो. मग धान्याच्या कोठाराचे फाटक आले. उंबऱ्यावर पहारेकरी जेवत होता.

अप्पा हसला. कंट्रोलर मांडीवर ठेवून त्याने चहा मागवला. चहा आला, निवला. पहारेकरी घास तोडी, चावी, पुन्हा तोडी. भाकर मात्र उणी होत नव्हती.

“लई भुकेला दिसतोय,” अप्पा म्हणाला. उन्हे कलली तरी तो तेच म्हणत होता, फक्त हसत नव्हता.

लेकीने शोध घेऊन फोनवर सांगितले की त्या फाटकाला दुसरी वाट ठेवलेलीच नाही. मागून लाकडी दांडका हाणायचा, मगच किल्ली मिळते. “मरत नाही तो, अप्पा. नुसती शुद्ध जाते. खेळ त्याला इजा मानत नाही.”

“शुद्ध जाईल व्हय. आन घास सांडंल त्याचं काय?”

त्यानंतर रोज दुपारी आम्ही त्या फाटकापाशी जाऊन बसू लागलो. आज उठेल, अशी एक वेडी आशा. पुढे गेल्या उन्हाळ्यात अप्पाच गेला. त्याचा निरोप कोठाराच्या अलीकडे अडलेला राहिला.

तेराव्यानंतर लेकीने खेळ माझ्या घरी आणून जोडून दिला. म्हणाली, “काका, तुम्ही डोळे मिटा. मी दाबते बटण. त्यांचा खेळ तरी पुरा होईल.” तिच्या डोळ्यांत पाणी होते, म्हणून मी रागावलो नाही. पण हे पुरे होणे नव्हे, असे तिला सांगितले. माणूस गेल्यावर त्याच्या हातून घडलेले पुष्कळ विसरले जाते. त्या हाताने जे करायला नकार दिला ते तरी आपण त्याच्या नावावर राहू द्यावे. ती बराच वेळ माझ्याशेजारी बसली, आणि मग बटणाला हात न लावता पहारेकऱ्याचे जेवण पाहत राहिली.

कंपनीकडून दोन उत्तरे आली ती यंत्राची होती. माझा अभिप्राय त्यांना मोलाचा वाटतो. तिसरे माणसाने लिहिलेले दिसते : खेळणाऱ्यांना थांबायला आवडत नाही, असे त्यांना आढळले. कुणाला विचारून आढळले? ज्याच्यापाशी वाट पाहण्यावाचून काही उरले नव्हते आणि ज्याने त्या वाट पाहण्याचाच खेळ केला, तो खेळणारा नव्हता काय? पैसे परत घ्या, असे त्यांनी सुचवले आहे. मला पैसे नकोत, आणि यापुढे मला खासगी पत्रही नको. नव्या तलवारी आणि नव्या पोशाखांच्या घोषणा तुम्ही ज्या चव्हाट्यावर करता, तिथेच उभे राहून सांगा : पहिल्या भागातला पहारेकरी जेवण उरकून उठत होता, दुसऱ्या भागात त्याला उठू द्यायचे नाही, हे तुमच्यापैकी कोणी ठरवले, आणि का?