सारवलेला चिखल

"इथे कुठे पूर आलाय?"

साहेब बूट घालून माझ्या घराच्या मधोमध उभा होता. फरशी अजून ओली होती. दोन दिवस घासून मी ती गाळातून वर काढली होती. त्याने बुटाचं टोक फरशीवर घासलं, टोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पंचनाम्याचा कागद पुठ्ठ्याला लावलेला, पेन कानावर. पेन त्याने खाली घेतलंच नाही.

"घर तर चकाचक आहे. पूरग्रस्त कसले तुम्ही?"

मी छातीवर आडवा हात ठेवला. "साहेब, इथपर्यंत पाणी होतं. शपथेवर सांगते."

"हात काय, कुठेही ठेवता येतो. चिखल दाखवा."

दारात गल्लीतल्या बाया उभ्या होत्या. त्यांची घरं चिखलात होती आणि त्यांची नावं यादीत लिहून झाली होती. धुतलेलं घर माझं एकटीचंच.

मी गंगापूर रोडला लोकांच्या घरी धुणं, भांडी, फरशी करते. सोळा वर्षं झाली. घाण दिसली की माझा हात गप्प बसत नाही. शिवाय गंगेचा गाळ ओला असतानाच काढावा लागतो. गोदावरी पुस्तकात, आमच्या तोंडी गंगाच. तो गाळ वाळला की दगड होतो, हे आमच्या वस्तीत कुणालाही विचारा. पुरात आसऱ्याला गेलेल्या शाळेतून घरी परतलो त्याच दिवशी मी पदर खोचला. पुराव्यासाठी घाण राखून ठेवायची असते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शाळेत आम्ही तीन दिवस होतो. धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा झाला तेव्हा सासूला पाठीवर घेऊन निघाले. सासूला मी आत्याबाई म्हणते. त्यांचे गुडघे गेलेत. पाणी तेव्हा माझ्या कमरेला लागलेलं, छातीपर्यंत ते मागाहून चढलं; एका हातात रेशनकार्डाची पिशवी, आणि तेवढ्यात फोन वाजला. मला वाटलं कुणी विचारपूस करतंय. फोन मॅडमचा होता, जिच्याकडे मी सगळ्यात आधीपासून कामाला.

"अगं, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?"

नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. नाशिकचा पूर त्याच्या अंगावर मोजतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. सगळं शहर तेच विचारतं.

"ताई, आमच्या घरात शिरलंय. कमरेला लागलंय."

"घरात नाही गं. मारुतीच्या. कमरेच्या वर असेल तर मुलांना घेऊन बघायला येतो."

मी सांगितलं. तसल्या पाण्यात उभी राहून, आत्याबाई पाठीवर असताना, मी इमानदारीत सांगितलं, "कमरेच्या वर गेलंय, ताई." त्याची मला आजही लाज वाटते. ते सगळे आले, पुलावर उभे राहिले, कणसं खाल्ली. आमच्या वस्तीचे पत्रे वाहत जाताना त्यांना छान दिसले असतील.

शाळेत खिचडी मिळाली, खोटं कशाला बोलू. जुन्या कपड्यांची गाठोडीही आली. एकातून टिकल्यांचा लग्नातला घागरा निघाला, एकातून टाय. आत्याबाईंनी टायने केस बांधले.

पण खिचडी संपते. खरी गोष्ट होती यादी. काठावरची वस्ती उठवायची ठरलीच, तर यादीत नाव असेल त्यालाच दुसरीकडे खोली मिळणार, अशी बोलवा होती. नाव नसेल त्याने आपलं बघावं. माझा नवरा वारलाय. मला आणि आत्याबाईंना ही एकच खोली.

म्हणून साहेब निघाला तेव्हा मी त्याच्या मागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तो वैतागला, मग जरा मऊ झाला. आपण उपकार करतोय अशा आवाजात म्हणाला, "उद्या येतो. तोवर चिखल-बिखल करून ठेवा. मला लिहायला काहीतरी दिसलं पाहिजे."

शेजारची मंदामावशी हार विकते. ती म्हणाली, "टाक दोन घमेली. शहाणपणा करू नको. लय धुवायची हौस तुला!"

मी घमेलं घेतलं. गल्लीच्या कडेला मीच काढून टाकलेला गाळ पडला होता. तोच उचलला. आत्याबाई खाटेवर बसून बघत होत्या.

"लोकायची घाण काढली जलमभर. आता सोताच्या घरात घालती का?"

"गप बसा. यादीत नाव पायजे ना?"

चार घमेली ओतली. आणि मग, काय सांगू, हात आपोआप फिरायला लागला. कोपऱ्यातून दाराकडे, अर्धगोल, अर्धगोल. आईने शिकवलं होतं तसं. शेणाने जमीन सारवतात तसा मी पुराचा चिखल सारवला. सगळीकडे सारख्या जाडीचा. झाल्यावर कळलं, पण तोवर उशीर झाला होता. आणि खरं म्हणजे मला ते बरंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब उंबऱ्यावरच थांबला. खाली वाकून बघितलं. मग त्याने पुढच्या घरातल्या दुसऱ्या साहेबाला हाक मारली.

"अहो, इकडे या, गंमत बघा. बाईंनी चिखल सारवलाय!"

दुसरा आला. त्याने फोटोसाठी मोबाइल धरला. "दाराशी रांगोळी तेवढी राहिली, बाई."

दोघं हसले. दारातल्या बाया हसल्या. मंदामावशी हसली. आणि मीसुद्धा हसले. साहेब हसला की आपण हसायचं, ही अंगात मुरलेली सवय. माझे दातही आले असतील त्या फोटोत.

"तुम्हा लोकांना फुकटचं घेणंही धड जमत नाही," पहिला म्हणाला. "परवा शेवटचा दिवस. नीट करून ठेवा."

"हो साहेब. चुकलं."

काय चुकलं होतं माझं? घरात पाणी शिरलं ते? ते मी घासून काढलं ते? तरी तोंडातून तेच आलं. चुकलं. आमच्या तोंडात हा शब्द जिभेच्याही आधी उगवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेले. मॅडमच्या सोसायटीच्या तळघरात पावसाचं पाणी भरलं होतं, त्यात त्यांची गाडी बुडाली होती. विम्याचा माणूस आलेला. येताना त्याने बूट दाराबाहेर काढले होते. वाटेत येत होते म्हणून मीच ते कडेला सरकवले. मग चहा केला.

ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा तो म्हणत होता, "गाडी धुऊन घेतलीत ते बरं केलंत, मॅडम. गाळ राहिला असता तर वास गेला नसता."

मी थांबले.

"पाणी साधारण कुठपर्यंत होतं?"

मॅडमने सोफ्यावर बसल्या बसल्या हवेत हात धरला. "इथपर्यंत असेल."

त्याने लिहिलं. पुन्हा विचारलंही नाही. हवेतला हात बघितला आणि लिहिलं. पुरावा नाही, चिखल नाही, शपथ नाही. मॅडमचा हात हवेत होता आणि त्याला माप होतं. माझा हात माझ्या छातीवर होता, पाणी लागलं होतं तिथेच, आणि तो कुठेही ठेवता येणारा हात होता.

"अगं, चहा दे ना. कसला विचार करतेस?"

चहा दिला. कप विसळले. राहिलेली तीन घरं त्या दिवशी केली नाहीत. सोळा वर्षांत पहिल्यांदा न सांगता दांडी मारली. बसमध्ये बसले तोवर भीती उरली नव्हती. संताप होता. साहेबाचा होताच, पण माझ्या त्या हसण्याचा जास्त होता.

घरी आले आणि सगळं पुन्हा धुतलं. माझा सारवलेला चिखल मीच खरवडून काढला. लोखंडी कपाट ओढलं तेव्हा त्याच्या मागे भिंतीवर पाण्याची रेघ दिसली. तेवढीच घासायची राहून गेली होती. मी जवळ उभी राहिले. बरोबर माझ्या छातीला.

आत्याबाई म्हणाल्या, "बरं झालं. उद्या दाखव त्याला."

मी कपाट परत भिंतीला लावलं.

साहेब आला. त्याचा पाय आत पडायच्या आधी मी म्हणाले, "बूट बाहेर काढा. फरशी धुतलीय."

त्याला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. "काय?"

"बूट. आणि लिहा. पाणी इथपर्यंत होतं." मी हात छातीवर ठेवला.

"चिखल कुठाय?"

"धुतला. लोक धुतात."

"मग पुरावा काय?"

"मी सांगतेय ना."

कुणी हसलं नाही. त्याने कानावरचं पेन काढलं आणि कागदावर आडवी रेघ ओढली. माझ्या नावावरून. "बसा मग घर धूत," म्हणाला आणि पुढे गेला.

मंदामावशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. रेघ दाखवली असती तर काय झालं असतं, म्हणते. ती चुकीची नाही. दोन जिवांची खोली मी पणाला लावली, हे मला कळतं. रात्री पाठ टेकली की कळतं. पण आज रेघ दाखवली असती, तर उद्या त्याने ओले कपडे मागितले असते, परवा मेलेलं माणूस. मॅडमला कुणी कपाट ओढायला लावलं नाही.

नाव अजून यादीत नाही. अर्ज माझ्या हाताने लिहिलाय, सातवीपर्यंतचं अक्षर आहे, वाचता येतं. दर सोमवारी तहसील कचेरीत जाते. 'वरून हुकूम येऊ द्या' म्हणतात. मी बाकावर बसते. आता, स्वतःची नावं यादीत असूनही, माझ्यासोबत गल्लीतल्या पाच जणी बसतात. परवा सहावी आली, मंदामावशी. येताना हातात न विकलेला हार होता. तो तिने बाकाच्या पाठीला अडकवला आणि म्हणाली, "सरक जरा."

मॅडमचं काम सोडलं नाही. सोडून खाऊ काय? पण पूर आला की फोन उचलणार नाही.

भिंतीवर बाहेरून मी लाल ऑइलपेंटने पट्टा ओढलाय, छातीच्या उंचीवर, लांबून दिसेल असा. पूर बघायचाय त्यांनी तो बघावा.

पाणी पुन्हा येणार. गंगा काही आम्हाला विचारून येत नाही. पाणी आलं तर मी आत्याबाईंना पाठीवर घेईन, परत येईन आणि आधी घर धुवेन. स्वच्छ. मग साहेब येईल. तो बूट बाहेर काढेल. मी छातीवर हात ठेवेन. आणि तो लिहीपर्यंत आम्ही सात जणी त्याला दारातून हलू देणार नाही.