थोरल्या दिरांनी बांधलेला मासळीचा तलाव

आमच्या घराण्याची मालगुजारी, म्हणजे गावची मालकी, गेली आणि गावचा मोठा तलाव सरकारजमा झाला. माझ्या थोरल्या दिरांना तेव्हा वाईट वाटलं ते पाण्यासाठी नव्हे. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, ते निघाले की माणसं उठून उभी राहायची, तेवढं बंद झालं, ते त्यांना फार लागलं. पुढे कधीतरी नागपूरला कोणी त्यांना सांगितलं, की आता सरकारला मासळी हवी आहे, जो तलाव बांधून मासळी पाळेल त्याच्या दारात साहेबाची जीप येईल. जीप म्हटल्यावर त्यांना राहवेना.

आमचं गाव मूलच्या स्टेशनापासून बैलगाडीच्या वाटेवर, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. तलावासाठी हवी तेवढी सखल, काळ्या मातीची जागा आमच्याकडे होती. दिरांनी निवडला तो वाड्यासमोरचा उंचवटा. का, तर रस्त्यावरून दिसतो. तिथे हातभर खणलं की मुरूम लागे. तलावाचा आकार चौकोनी, कडा भिंतीसारख्या उभ्या, आणि मधोमध बसायला चबुतरा, तिथवर जायला अरुंद बांध. साहेबांनी तिथे बसून चहा प्यायचा.

माझ्या वडिलांचा उभा जन्म तलावांच्या पाळी राखण्यात गेला होता. मुरमात पाणी ठरत नाही, हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक. पण थोरल्या दिरांशी मी थेट बोलत नसे, तशी रीतच नव्हती. बोलायचं असलं की मी जाऊबाईंना उद्देशून मोठ्याने बोले आणि ते ओसरीवर ऐकत.

"बाई, मुरमात पानी काऊन थांबन? अन् पानी जास्त झालं त बाहेर जायाले सांडवा कुठी ठेवला?"

ओसरीवरून उत्तर आलं, तेही जाऊबाईंनाच. "तिले सांगा, आमी पानी जमा करून राह्यलो, बाहेर सोडून नाई राह्यलो. बायकाईनं चुलीजवळचं पाहावं."

आमचे हे दिरांच्या शेजारी बसून मान हलवत होते. भाऊ बोलला की मान हलवायची, एवढाच त्यांचा संसारातला उद्योग. त्या मानेचा मला जितका राग येई तितका दिरांच्या बोलण्याचाही येत नसे.

तलाव खणून झाला. मागच्या टेकडीवरची नाली त्यात वळवली. पावसाळ्यात तो भरला, दिरांनी नारळ फोडला, आणि दिवाळी यायच्या आत तळाला भेगा पडल्या. गावातली म्हातारी माणसं येऊन भेगा बघत आणि परत जात. मी पुन्हा जाऊबाईंना मोठ्याने म्हटलं, की बोडीतला, शेतातल्या लहान तळ्यातला, काळा गाळ आणून तळावर पसरा, पाणी शिंपडा आणि म्हशींना त्यावर फिरवा, चांगला तुडवला तर मुरमाची छिद्रं मिटतील. आठवडाभराने दिरांनी चार माणसांसमोर जाहीर केलं, की रात्रभर विचार करून त्यांना एक युक्ती सुचली आहे. युक्ती म्हणजे काळा गाळ आणि म्हशी. आमच्या यांची मान हललीच.

उन्हाळाभर गाड्या गाळ वाहत होत्या. पुढच्या पावसात पाणी ठरलं. श्रावणात कलकत्त्याकडचं रोहू माशाचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, मडक्यांत भरून गोंदियाहून छोट्या रेल्वेने मूलला आलं. मडकी उघडली तर वास आला. वरची पिल्लं मेलेली, खालची सुईएवढी, पण जिवंत. ती सोडताना दिरांनी फेटा बांधला होता.

सांडवा मात्र त्यांनी ठेवला नाही तो नाहीच. पोळ्याच्या सुमारास पावसाने धार धरली ती सुटेना. तलाव काठोकाठ भरला, पाणी पाळीवरून धावलं आणि एक कोपरा घेऊन गेलं. बहुतेक रोहू खालच्या बांध्यांमध्ये धानात गेला. आठ-पंधरा दिवसांनी बायका निंदणाला उतरल्या तर पायांत बोटभर मासळी. घरोघर रस्सा झाला.

आणि या माणसाने काय करावं? दिवाणजीला गावात पाठवलं, कोणाच्या चुलीवर मासळी शिजते त्याचा वास घ्यायला! तो बिचारा नाक वर करून दारोदार हिंडला. ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, मोहल्ल्यात एका बाईने त्याला दारातच उभं केलं.

"मालकाले सांग, मासोरी त्याईची होती त तिले समजावून ठेवाचं होतं, बांदीत जाऊ नको म्हनून. आमी का तिले बोलवाले गेलतो?"

दिवाणजीने निरोप जसाच्या तसा आणला. जाऊबाई पदराआड हसल्या. मी पदर घेतला नाही.

हिवाळ्यात जिल्ह्याच्या गावाहून, चांद्याहून, मासळी खात्याचे साहेब येणार असं कळलं. कोपरा बुजवला होता, पाणीही होतं, फक्त मासळी नव्हती. दिरांनी गुपचूप शेजारच्या गावच्या तलावातले मोठे रोहू जिवंत मागवले. पाण्यात अडकवून ठेवता यावेत म्हणून धरणाऱ्यांनी त्यांच्या जबड्यातून सुतळी ओवली होती. घाईत ती कोणी काढली नाही, आणि सकाळी रोहू तसेच तलावात गेले.

साहेब चबुतऱ्यावर बसले, चहा झाला, जाळं ओढलं. मोठा रोहू उसळला आणि त्याच्या तोंडातून वीतभर सुतळी लोंबत होती. साहेबांनी विचारलं, "हे काय?"

मी खिडकीतून पाहत होते. मला वाटलं, आता तरी दीर उघडे पडतील.

दीर म्हणाले, "खूण आहे साहेब. कोणता मासा किती वाढला ते कळावं म्हणून आम्ही सुतळी बांधतो."

साहेब खूश झाले. अशी पद्धत त्यांनी कुठे पाहिली नव्हती म्हणे. कशी पाहतील? त्यांनी फोटो काढवला, दिरांना तालुक्याच्या कमिटीत घेतलं, आणि पुढे दीर गावोगाव जाऊन लोकांना तलाव कसा बांधावा ते सांगू लागले. एका गावात खरोखर कोणी पिल्लांना सुतळी बांधायला बसला, असं आमच्या कानावर आलं. मूर्खाला ऐकणारे मिळत गेले की तो शहाणा ठरतो, हे मी त्या वर्षांत पाहिलं.

वाड्यासमोरचा तलाव पुढे म्हशी बसायच्या कामाला आला. मी जाऊबाईंना सोबत घेतलं आणि आमच्या शेताच्या सखल टोकाची बोडी नीट करून घेतली. पाळ उतरती ठेवली, दगडाचा सांडवा केला, त्याच्या तोंडाला बांबूची जाळी लावली. ढिवरांच्या त्याच बाईने नवऱ्याकरवी बीज आणून सोडलं, मासळीत तिचा वाटा ठरला. पहिल्याच वर्षी रोहू चांगला हातभर झाला.

पहिला रस्सा ओसरीवर वाढला. आमचे हे खाली मान घालून जेवत होते. दिरांनी एक तुकडा तोंडात घातला, बोटाने काटा काढला आणि जाऊबाईंना म्हणाले, "बरी आहे. आमी शिकवलं ते हिनं ध्यानात ठेवलं म्हनायचं."

मी भांडं उचललं आणि आत नेलं. जाऊबाई आणि मी उरलेली सगळी मासळी चुलीजवळ बसून संपवली.