रुखवत कुणाच्या हातचं

रुखवत करणाऱ्या बाईनं मांडवात गप्प बसायचं असतं. मी वीस वर्षं बसले. टेबलावर रुखवत मांडलं, की सासरकडच्या बायका गोळा होतात, एकेक वस्तू उचलून उलटीपालटी करतात आणि विचारतात, "कुणी केलं?" नवरीच्या मावशीनं म्हणायचं, "नवरीनंच, सगळं हातचं." नवरीनं मान खाली घालायची. बँकेत नोकरी करणारी मुलगी सुपाऱ्यांना फेटे बांधत बसलेली नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी कुणी काही बोलत नाही. मी तेव्हा कोपऱ्यात बुंदी खात असते आणि माझं कौतुक नवरीच्या नावानं ऐकते. खोटं कशाला सांगू, बरं वाटतं आणि खुपतंही.

मागच्या फेब्रुवारीत कुरुंद्याची एक मुलगी वसमतला माझ्या घरी आली. शाळेत शिकवणारी, चुणचुणीत. मे महिन्यात लग्न होतं, मुलगा शिरड शहापूरचा. नीट बसायच्या आधीच तिनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"काकू, मला असं पाहिजे."

चित्रात हळदीचं शेत होतं आणि त्यातलं सगळं हळकुंडांचं होतं. हळकुंडांचे बैल गाडी ओढत होते, हळकुंडांची माणसं हळद वेचत होती. एक बाई कमरेत वाकून टोपलं उचलत होती आणि हळकुंडाला फुटलेलं बोट म्हणजे तिचा हात होता. मी बघतच राहिले. इतकी वर्षं मी हळकुंडांची तोरणं केली, गाडीच्या दांड्या केल्या, पण त्या फुटलेल्या बोटात मला कधी हात दिसला नव्हता.

"हे कुणी केलंय?"

"कुणीच न्हाई. म्या एआयला सांगितलं, त्यानं चित्र काढून दिलं. खरं असं काही नसतंय, काकू."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मग त्यालाच सांग करायला. माझ्या मात्र अंगात वारं संचारलं. मी तिला तिथंच बसवून आणखी चित्रं मागायला लावली. पाणी शेंदणारी बाई माग, झाडाखाली निजलेला म्हातारा माग. सांगायचा अवकाश, चित्र हजर. मला एक कल्पना सुचायला आठवडा जातो, आणि हा पठ्ठ्या मिनिटात चार देत होता. हेवा वाटला आणि हातांना खाजही सुटली. चुका दिसल्या तेव्हा तर मी खूशच झाले. बैलांच्या खांद्यावर जू होतं, पण ते गाडीला जोडलेलंच नव्हतं. म्हातारा जमिनीच्या चार बोटं वर निजला होता. याला दिसतं सगळं, पण ते उभं कसं राहतं हे याला माहीत नाही, एवढं मला कळलं.

जाताना मुलगी म्हणाली, "सासरी सांगायचं, की मीच केलं. तेवढं सांभाळा, काकू."

"त्यात काय नवं हाय, बाई," मी म्हणाले आणि शब्द देऊन मोकळी झाले.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी सुरू झाली. वाळलेलं हळकुंड वाकत नाही, मोडतं. बाईची कंबर वाकवायला गेले, की बाईचे दोन तुकडे. डिंकानं चिकटवली तर जोड दिसायचा. मुलीला फोन करून तिच्या मोबाइलला विचारायला लावलं, तर त्यानं आणखी चांगला डिंक वापरायला सांगितलं. चार दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. नवरा म्हणाला, "मोबाइलच्या नादी लागून घर पिवळं केलंस." पाचव्या दिवशी भाकरी थापताना एकदम लक्षात आलं, की हळद वाळवायच्या आधी शिजवतात. हळदीच्या मुलखात जन्म गेला आणि एवढी साधी गोष्ट सुचायला इतके दिवस लागले.

सकाळच्या एसटीनं कुरुंद्याला गेले. मुलीच्या वडिलांच्या शेतात हळद शिजवायचा कुकर लागला होता, सगळीकडे वाफ आणि तो कडवट वास. कुकरमधून नुकती काढलेली हळद उकडलेल्या बटाट्यासारखी मऊ होती. बोटं भाजली, तरी मी तिथंच बांधावर बसून एक हळकुंड कमरेत वाकवलं आणि दोऱ्यानं बांधलं. ते वाकलं, मोडलं नाही. मी एवढ्या मोठ्यानं हसले, की कुकरजवळची माणसं काम थांबवून माझ्याकडे बघायला लागली.

अशी वाकवून बांधलेली माणसं आणि बैल पंधरा दिवस गच्चीवर उन्हात होते. रोज उठल्या उठल्या मी वर पळायची, चहासुद्धा नंतर. पहिली खेप फसली, कारण वाळताना हळद आकसते हे मी धरलंच नव्हतं. एकाची मान फिरून पाठीकडे गेली, बैल शेळीएवढे झाले. पुन्हा कुरुंदा, पुन्हा वाफ, या वेळी मोठी हळकुंडं आणि मानेला काडीचा आधार. पण पहिल्या खेपेतली एक बाई अशी काही पिळवटली होती, की डोक्यावर ओझं घेऊन ती मागं वळून कुणाला तरी हाक मारतेय असं वाटे. अशी बाई मोबाइलच्या एकाही चित्रात नव्हती. तिला मी सगळ्यांत पुढं ठेवली. जू सुतळीनं गाडीला बांधलं, म्हाताऱ्याला जमिनीवर आणला. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधीच झालं नव्हतं आणि ते मला पक्कं माहीत होतं.

लग्न लागल्यावर बायका रुखवताभोवती जमल्या. नवरी फोटोसाठी टेबलाशी उभी होती. कुणी काही उचललं नाही, सगळ्या नुसत्या वाकून बघत होत्या. नवरदेवाची आत्या पुढं आली, तिनं चष्मा चढवला आणि विचारलं, "कुणी केलं?"

मावशी तोंड उघडणार, तोच आत्यानं हात हलवला. "ऱ्हाऊ द्या. नवरीच्याच स्टेटसला पाह्यलं म्या हे, एआयनं केलं म्हणून लिव्हलं व्हतं. आजकाल समदं त्येच करून राहिलं. सांगितलं की तयार. त्यात काय तकलीफ हाय?"

वाकलेल्या बायका सरळ झाल्या. दोघी तर जेवणाकडे निघाल्यासुद्धा. मुलीनं पहिल्याच दिवशी ते चित्र हौसेनं स्टेटसला टाकलं होतं, हे मला तेव्हा कळलं. तिनं मान खाली घातली, आणि या वेळी ती नेहमीची रीत नव्हती, पोरगी खरंच शरमली होती.

माझं कौतुक नवरीमुलींच्या नावावर जायचं ते मी गिळलं होतं. लेकरंच ती, सासरी चार टोमणे कमी बसावेत म्हणून ते कौतुक घ्यायची. मोबाइलला कुठं नांदायला जायचं होतं? मला असा संताप आला, की मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि बायकांतून वाट काढत पुढं गेले.

"मोबाइलनं न्हाई केलं. म्या केलं."

बोलून गेले आणि मग भान आलं. भर मांडवात नवरीला दिलेला शब्द मोडला होता. अशा तोंडाळ बाईला यापुढं रुखवत कोण सांगणार?

आत्या माझ्याकडे वळली, पण नवरी आधी बोलली. "व्हय आत्याबाई, काकूनंच केलं. म्या नुसतं चित्र मागितलं. मला एक हळकुंडबी वाकवता येत न्हाई."

आत्यानं ती मागं वळलेली बाई उचलली, उलटी केली, कमरेवर नख फिरवून जोड शोधला. जोड नव्हताच. त्यांच्या घरी कित्येक वर्षं हळदीचं पीक, तिला कोण फसवणार? "वाळली हळद वाकत न्हाई," ती म्हणाली. "कशी वाकवली?"

मग मी जी सुरू झाले! कुकर, भाजलेली बोटं, दोरा, गच्ची, शेळीएवढे बैल, सगळं सांगितलं. निघालेल्या दोघी परत आल्या. मोबाइलमधलं चित्र आणि टेबलावरचं शेत शेजारी धरून बायका फरक शोधायला लागल्या. पंगतीची हाक आली तरी कुणी हललं नाही. शेवटी फोटोग्राफर कंटाळून म्हणाला, बाजूला व्हा, रुखवताचा फोटो घ्यायचा आहे. मी सवयीनं मागं सरले, तर आत्यानं माझं मनगट धरून मला नवरीच्या शेजारी उभं केलं.

तो फोटो मुलीनं मला पाठवला आहे. वीस वर्षांत मी केलेल्या रुखवतासोबतचा माझा हा एकुलता एक फोटो, आणि त्यात माझं तोंड उघडं आहे, कारण हळद किती आकसते ते मी आत्याला अजून सांगतेच आहे.