रतनच्या कापडाच्या दोन बाजू

रतनचा एक किस्सा काढावा तर मागून चार येतात. रीळच ते! एकदा सुटलं की गुंडाळता गुंडाळता हात दुखतात.

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. कळसाडीच्या भरल्या घरातला हा मुलगा मुंबईहून सिनेमाचा कॅमेरा घेऊन आला. नट नाहीत, कथा नाही. माणसं जगतात तशी टिपायची, हाच नाद! मी त्याचा शाळासोबती. तो टिपायचा, मी पडद्यावर दाखवताना हँडल फिरवायचो.

त्याच्या वडिलांचं, आप्पांचं, एकच वाक्य असायचं. "बंद कर तुन्हं मशीन!"

*

पहिलं चित्र नांगरणीचं. कॅमेरा सुरू झाला की तोताराम काका बैलांसकट पुतळा!

"काका, चाला ना!" रतन ओरडला.

काका ओठ न हलवता म्हणाले, "हालनू ते फोटू बिघडी जाई ना!"

नांगरणीच्या त्या चित्रात फक्त बैलांच्या शेपट्या हलतात.

*

मोलगीच्या बाजारात एक डोंगरातला म्हातारा आमचूर विकत होता. त्याने स्वतःला टिपू दिलं, मग उठून कॅमेऱ्यामागे आला आणि रतनला खुणेनेच टोपलीपाशी बसवलं. आता तू वीक, मी बघतो!

रतन आमचूर विकत बसला, म्हाताऱ्याने हँडल फिरवलं. रतनचं तेवढंच एक चित्र आहे. परवा ते आठवलं आणि फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

*

कळसाडीत पहिला खेळ झाला तेव्हा पडद्यावर आप्पा आले. झालं! सगळ्या सुनांनी पदर ओढले आणि पाठ फिरवली. सासरा कापडावरचा असला म्हणून काय झालं?

पुढच्या खेळाला रतनने बायकांना कापडाच्या पलीकडे बसवलं. चित्र डावं-उजवं उलटं दिसायचं, पण पुरुषांची नजर नाही. तरी आप्पा दिसले की पदर खालीच!

*

मग आप्पांनी फर्मान काढलं. "दिवाळी झायी का मशीन माळ्यावर, नि तू वावरमा!"

 शेवटचा खेळ रतनने घराच्या ओट्यासमोरच लावला. त्यात आप्पांना चोरून टिपलेलं होतं. वासराला चारा भरवताना, जवळून, हसताना. अलीकडे आप्पा आणि गावचे पुरुष, पलीकडे बायका. त्यांत रतनची मायही होती. सासू-सासरे, दीर-जावांच्या घरात तिने उजेडात नवऱ्यासमोर पदर कधी वर केला नव्हता.

कापडावर आप्पा हसले. सुनांचे पदर खाली गेले. माय मात्र उठली, पदर मागे सारला आणि कापडाला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"माय वं! यासना गालवर तीळ शे?" तिच्या तोंडून निघालं.

अलीकडे सगळ्यांना ऐकू गेलं. कोणी हसलं नाही. रीळ संपलं. रतन खाली मान घालून मशीन आवरायला लागला.

आप्पा खाकरले. त्यांचा हात गालावर होता.

"बंद नको करू," ते म्हणाले. "तिले परत दखाड."