वर्षश्राद्धासाठी जोराची लाईन

आमच्या घरात इंटरनेट आलं ते माझ्यासाठी नव्हे. मी चौथी शिकलेला माणूस. जन्म म्हशींच्या मागं गेला. मला त्या डबड्याचं काय कौतुक? पोरगं जर्मनीला गेलं आणि त्याच्या आईला त्याचं तोंड बघायला पाहिजे होतं, म्हणून गल्लीतल्या केबलवाल्याकडनं स्वस्तातली लाईन ओढून घेतली. टीव्हीच्या वर खिळा मारून डबडं टांगलं. ते ती रोज पुसायची. देवाच्या शेजारी टांगलं नाही एवढंच नशीब.

लाईन म्हणायची ती नावालाच. रविवारी दुपारी ही हातपाय धुऊन, पदर सारखा करून, फोन पिठाच्या डब्याला टेकवून बसायची. पोरगं दिसायचं, दोन वाक्यं बोलायचं आणि मधेच थांबायचं. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. मला चीड यायची.

"काप ती लाईन," मी म्हणायचो. "पैसं घेतोय आणि पोराचा फोटू करून ठेवतोय."

"आवो, काय अभद्र बोलताय!" ती अंगावर यायची. मग परत फोनकडं वळून म्हणायची, "थांबला तर थांबू दे. हालत नसला की नीट बघाय मिळतं. वाळलाय बघा गालात."

असली ती बाई. केबलवाल्याच्या हलगर्जीपणातनंसुद्धा तिनं स्वतःपुरतं काहीतरी काढून घेतलं.

गेल्या साली दिवाळीच्या तोंडावर ती गेली. दोन दिवस दवाखान्यात होती, तिसऱ्या दिवशी नव्हती. पोरगं आलं नाही. त्याचा पासपोर्ट तिकडं कुठल्यातरी कचेरीत कागदांसाठी अडकला होता. खरं असेल, खोटं असेल. जर्मनीच्या कचेऱ्या मी बघितलेल्या नाहीत, आमच्या बघितल्यात. अग्नी मी दिला. पुतण्या फोन वर धरून उभा होता, पोराला दिसावं म्हणून. त्याला काय दिसलं ते मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

यंदा गणपती उठले आणि मी पोराला तिच्या वर्षश्राद्धाचा दिवस कळवला. दिवस सांगितला आणि फोन ठेवला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला.

"आप्पा, आईच्या वर्षाचं मी गुरुजींशी बोललोय. ते ऑनलाईन करत्यात. मी हितनं बसतो. तुम्ही फक्त जोराची लाईन घ्या. शंभरची. पैसे मी भरतो."

"शंभर काय?"

"एमबीपीएस."

"म्हणजे?"

"म्हणजे चित्र थांबत न्हाई. मला यावेळी सगळं नीट बघायचंय."

बघायचंय! आईचं वर्ष म्हणजे कुस्तीचं मैदान लागलंय व्हय, तिकीट काढून बघायला? पण फोनवर मी फक्त "बघू" म्हणालो. डोक्यात मात्र तेव्हाच पक्कं झालं. जोराची लाईन घेतली तर हे पोरगं तिकडंच खुर्चीत बसून आईला पाणी देणार. लाईन नाही मिळाली तर त्याला यावं लागणार. म्हणून लाईन घ्यायची नाही.

तरी गुरुजींच्या घरी जाऊन आलो. म्हटलं, हा माणूस तरी लाजेल. लाजतोय कसला!

"आता सगळी असंच करतात, आप्पा," गुरुजी म्हणाले. "गेल्या महिन्यात दोन घरं झाली. एक दुबईचं, एक अमेरिकेचं. फक्त फोनला स्टँड चांगला आणा. मागच्या वेळी फोन ताम्हणात पडला."

"आणि पिंड कोण देणार? डबडं?"

"पिंड तुम्ही द्या. मुलगा तिकडून संकल्प सोडेल."

"पाणी बेसिनात सोडणार व्हय?"

"भावना महत्त्वाची, आप्पा."

"मग दक्षिणापण भावनेनंच घ्या," मी म्हणालो. त्याबरोबर गुरुजींना बाहेर कुठंतरी जायचं आठवलं.

चार दिवसांनी दारात एक विक्रीवाला उभा. शर्ट आत खोचलेला, खांद्याला बॅग, हातात रंगीत कागद. पोरानं जर्मनीत बसून अर्ज भरला होता. आईसाठी विमानाचा अर्ज भरायला त्याला हात नव्हते, पण हा भरला.

"या पावणं, बसा," मी म्हणालो. दारात आलेल्याला बसवायचं, मग उठवायचं.

त्यानं कागद पसरले. शंभर, दोनशे, तीनशे. हे वेगवान, ते अतिवेगवान. मी एकच विचारलं, "शंभर म्हणजे शंभर?"

"अप टू शंभर, काका."

"अप टू म्हणजे?"

"शंभरपर्यंत."

"म्हणजे शंभर न्हाय."

"पर्यंत, काका."

मला हसू फुटलं. तीस वर्षं मी रोज संध्याकाळी म्हैस घेऊन दूधकट्ट्यावर उभा राहिलो. गिऱ्हाईक पुढ्यात उभं, ग्लास हातात, त्याच्या डोळ्यासमोर धार काढायची आणि गरम दूध त्याच्या हातात द्यायचं. त्या धंद्यात लबाडी करायला एकच जागा. ग्लास खाली धरून लांबनं जोरात धार सोडायची. निम्मा ग्लास फेस येतो. गिऱ्हाईकाला भरलेला दिसतो, ओठाला मिशी लागते, माणूस खूष. मुरलेलं गिऱ्हाईक मात्र ग्लास घेऊन तसंच थांबायचं, फेस बसू द्यायचं आणि म्हणायचं, "आता भरा." तसल्या गिऱ्हाइकांनी मला सरळ केलं. आणि हा कालचा माणूस मला "पर्यंत" शिकवणार.

"पावणं," मी म्हणालो, "फेसाचं माप इकाय माझ्या दारात आलायसा? मी फेस करणारा माणूस हाय."

त्यानं कागद गोळा केले. "काका, अर्ज तुमच्या मुलाचा हाय."

"मग त्याच्या दारात जोड जा."

गेला बिचारा. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. पोराला सांगितलं, गल्लीत खोदाईला परवानगी नाही, लाईन मिळत नाही. तो म्हणाला, "बरं." मला वाटलं, आता 'मग येतो' म्हणेल, आता म्हणेल. म्हणाला नाही. "दुसरं काय होतं का बघतो," म्हणाला.

त्या रविवारी लेक आली. तिला मुरगूडला दिलीय. ती येते, तोंडानं बडबडत माझी चूल घासते, फ्रिजमधलं शिळं काढून टाकते आणि जाते. त्या दिवशी ती अंगणातच थांबली. मान वर करून शेजाऱ्याच्या भिंतीकडं बघत होती.

"आप्पा, खोदाईला परवानगी न्हाई म्हणालासा न्हवं? शेजारच्यांच्यात तर वरनं खांबावरनं लाईन आलीया."

"येऊ दे."

"दादाला खोटं सांगितलासा?"

"लाईन न्हाय म्हटल्यावर झक मारत येईल."

"आणि न्हाई आला तर? त्यापरास एकदा तोंडानं म्हणा की, ये म्हणून."

मी चिडलो. दुःखाच्या कामाला आमच्यात आवतण नसतं. दिवस कळवायचा, बास. लग्नाला अक्षता घेऊन दारोदार फिरा, बारशाला बोलवा. मयताला आणि वर्षाला ज्याचं माणूस गेलं त्यानं आपल्या पायानं यायचं. बोलावलं तर तो अपमान. म्हणजे तुझी आई आहे हे तुला सांगावं लागतंय. तसं मी तिला म्हणालो. "पोटच्या पोराला आईच्या वर्षाचं आवतण धाडू? मांडव घालू का दारात?"

लेक हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली. "आप्पा, हे तुम्हाला म्हाईत हाय. मला म्हाईत हाय, कारण आईनं मला सांगितलं. दादा बाविसाव्या वर्षी तिकडं गेला. त्याला कुणी सांगितलं? मला फोनवर म्हणत हुता, 'आप्पांनी दिवस सांगितला आणि फोन ठेवला. ये म्हणाले न्हाईत. आईच्या मातीला न्हवतो म्हणून त्यांना माझं तोंड बघायचं नसंल. म्हणून लांबनंच बसतो.'"

मी पायरीवर बसलो. इतके दिवस मी त्या पोराला मनातल्या मनात निर्लज्ज म्हणत होतो, आणि ते पोरगं तिकडं, बापानं हाकललं, असं समजून गप बसलं होतं. असले व्यवहार या घरात त्याची आई बघायची. कुणाला काय म्हणायचंय ते ती ज्याला त्याला नेऊन सांगायची. आम्ही दोघं बापलेक आयुष्यभर तिच्या तोंडानं बोललो. ती गेली आणि आम्हाला साधं "ये" म्हणता येईना.

लेकीनं फोन लावून माझ्या हातात दिला. पोरगं दिसलं. स्वयंपाकघरात उभं होतं, अंगात स्वेटर.

"काय आप्पा?"

"लाईन घेत न्हाय मी," मी म्हणालो. "तू ये."

चित्र थांबलं. थोबाडावर काही नाही, नुसतं बघतोय. ही लाईन म्हणजे! मी जरा जोरात म्हणालो, "ऐकू आलं का? तू ये म्हणालो." तसंच. लेक म्हणाली, परत म्हणा. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज फाटला. "आरं, ये की बाबा."

"ऐकलं आप्पा," पोरगं म्हणालं. "पहिल्यांदाच ऐकलं. लाईन चालू हाय. मीच गप हुतो."

मग नाक ओढलं, इकडंतिकडं बघितलं आणि सांगायला लागला. येतो म्हणाला. पण रजा चारच दिवस उरलीय. त्यातले दोन येण्याजाण्यात. मात्र घरात बसून तिकडचं काम करता आलं तर साहेब तीन आठवडे सोडतो.

"मग कर की हितं बसून," मी म्हणालो.

"करतो. पण त्याला लाईन पाहिजे, आप्पा. जोराची."

लेकीनं तोंडावर ओढणी घेतली आणि आत पळाली. आतनं तिचं हसणं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या विक्रीवाल्याच्या दुकानात. मला बघून तो उठलासुद्धा नाही.

"काय काका? फेस घ्यायला आलासा?"

"व्हय."

"खोदाईला परवानगी मिळाली का?" माझी थाप पोरामार्फत त्याच्यापर्यंत पोचली होती.

"वरनं खांबावरनं येती म्हणं."

"येती की. मी तेच सांगाय आलतो, तर तुम्ही उठवलासा."

ऐकून घेतलं. ज्याला गरज त्यानं ऐकावं. पण सही करायच्या आधी एक बजावलं: जोडून झाल्यावर माझ्यासमोर मोजून दाखवायचं, नाहीतर सही नाही. माणसं आली, वायर ओढली, जुनं डबडं काढून नवं लावलं. विक्रीवाल्यानं फोनवर काटा फिरवून दाखवला. ब्याण्णव आले. मी म्हणालो, "आठ कुठं गेले?" तो म्हणाला, "काका, पाया पडतो." केली सही.

पोरगं आलं. केस पिकलेत, चालणं साहेबाचं झालंय. पहिले दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून दुपारी जेवला की खोलीचं दार लावून त्या यंत्रापुढं बसायचा, ते संध्याकाळ उलटली तरी तिथंच. आत जर्मन चाललेली. आधी जर्मनीत बसून आईचं वर्ष बघणार होता, आता आईच्या घरात बसून जर्मनी बघायला लागला. मी चहा घेऊन गेलो की हातानं खूण करायचा, तिथं ठेवा. मी त्याचा गडी.

वर्षाच्या दिवशी मात्र त्यानं फोन बंद करून कपाटात टाकला. आपणहून. गुरुजींना म्हणाला, "स्टँड लागणार न्हाई." गुरुजींनी माझ्याकडं बघितलं नाही. पाटावर बसताना त्याचे गुडघे वाजले. पाणी सोडताना हात उलटा धरला. "अंगठ्याकडनं सोड," मी ओरडलो. "तिकडं हात धुवायला पण यंत्र असंल." सोडलं त्यानं. तीनदा.

पंगत उठल्यावर आम्ही दोघंच मागं राहिलो. तो म्हणाला, "आप्पा, त्या दिवशी फोनवर मला आईचे पाय दिसले. मग चित्र अडकलं. पुढचं मी काहीच बघितलं न्हाई. नुसते पाय."

मी त्याला पुढचं सांगितलं. हिरवं लुगडं नेसवलं होतं, तिचं आवडीचं. मळवट कुणी भरला, खांदा कुणी कुणी दिला, रस्त्यात कुठं विसावा घेतला, घाटावर लाकडं ओली होती म्हणून किती वेळ गेला. सगळं. एक शब्द गाळला नाही. तो ऐकत राहिला. मी इतका वेळ एकसारखा त्याच्याशी जन्मात बोललो नव्हतो.

तीन आठवडे झाले. गाडी दारात उभी होती. बॅग आत टाकताना त्यानं विचारलं, "आप्पा, ही लाईन बारकी करून टाकू? तुम्हाला एकट्याला एवढी कशाला लागती?"

"राहू दे," मी म्हणालो. "फुडच्या वर्षी लाईन न्हाई म्हणून रजा मिळाली न्हाई, हे निमित्त नको."

"म्हणजे फुडच्या वर्षी ये म्हणताय?"

"म्हणतोय," मी म्हणालो. "आणि आता जा, गाडीवाला खोळंबलाय."